झेंड्यावरची नावे

माणूस काय जमवील याचा नेम नसतो. पोस्टाची तिकिटे, नाणी, काडेपेट्यांवरची चित्रे, अडकित्ते, पितळी दिवे, जुनी कुलपे. प्रत्येक गोष्टीचे शौकीन आहेत आणि त्या शौकाला कंटाळलेली त्यांच्या घरची माणसेही आहेत. पुण्यात तर दिनकर केळकरांच्या अशाच नादातून एक अख्खे संग्रहालय उभे राहिले. त्यामुळे छंद हा काही हसण्यावारी नेण्याचा विषय नव्हे. पण या छांदिष्टांच्या पंगतीत एक पान जरा बाजूला मांडलेले असते. ते युद्धकाळातले झेंडे जमवणाऱ्यांचे. अडकित्त्याने सुपारीखेरीज कुणाचे काही कातरले नाही. झेंड्याचे तसे नाही. त्याच्याखाली माणसे मेली आहेत आणि त्याच्याच नावाने माणसांनी माणसे मारलीही आहेत. असली वस्तू घरात आणावी का, आणली तर तिचे काय करावे आणि मुळात ती कुणाची, हे प्रश्न वाटतात तेवढे परके नाहीत. आपल्याही ट्रंकांपर्यंत ते येऊन पोचतात.

दुसऱ्या महायुद्धातले झेंडे जगभर इतके का पसरले, याचे कारण अगदी साधे आहे. लढाई संपल्यावर प्रत्येक सैनिकाला घरी दाखवायला काहीतरी हवे असते. शिरस्त्राण जड, तलवार लांब, बंदूक वरिष्ठ काढून घेणार. झेंडा मात्र घडी करून पिशवीच्या तळाशी घालता येतो. अशा हजारो घड्या १९४५नंतर अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या घरोघरच्या माळ्यांवर जाऊन पडल्या. ते सैनिक म्हातारे झाले, गेले. मुलानातवंडांनी माळे आवरायला काढले, आणि आजोबांनी कधी न उलगडलेली घडी एक दिवस लिलावात किंवा जुन्या वस्तूंच्या दुकानात जाऊन पडली. संग्राहकांच्या बाजाराला माल मिळतो तो असा.

या बाजारातला सर्वांत वादग्रस्त झेंडा म्हणजे नाझींचा. मुळात तो एका राजकीय पक्षाचा झेंडा. सप्टेंबर १९३५मध्ये न्यूरेंबर्ग येथे केलेल्या कायद्याने तोच जर्मनीचा एकमेव राष्ट्रध्वज ठरवला गेला. पक्ष आणि राष्ट्र यांच्यातली रेघ पुसली गेल्याची याहून स्पष्ट खूण सापडणार नाही. आपल्याकडच्या वाचकाला त्यावरचे चिन्ह पाहून गोंधळायला होते, कारण उंबरठ्यावर आणि चोपडीच्या पहिल्या पानावर आपण काढतो ते स्वस्तिक याच्या कितीतरी आधीचे. पण पांढऱ्या वर्तुळात कलता उभा केलेला तो काळा आकडेबाज क्रूस पाहताना युरोपातल्या ज्यू माणसाला जे आठवते, ते आपले शुभचिन्ह मध्ये आणून खोडता येणार नाही.

जर्मनीच्या दंडसंहितेचे ८६अ हे कलम असली चिन्हे लोकांपुढे मिरवण्यास मनाई करते. शिक्षण, संशोधन, कला आणि इतिहासकथन यांना मात्र त्यातून मोकळीक आहे. फ्रान्समध्ये २०००मध्ये न्यायालयाने याहू कंपनीला तिच्या लिलावातल्या नाझी वस्तू फ्रेंच ग्राहकांना दिसू न देण्याचा आदेश दिला, आणि २००१मध्ये ईबे कंपनीनेही असल्या वस्तूंच्या विक्रीवर बंधने आणली. ऑस्ट्रेलियात जानेवारी २०२४पासून नाझी चिन्हांचे जाहीर प्रदर्शन आणि व्यापार या दोन्हींना कायद्याने बंदी आहे. या सगळ्या कायद्यांमागे एकच भीती आहे. इतिहास म्हणून विकत घेतलेली वस्तू उद्या भक्ती म्हणून भिंतीवर चढली तर?

ही भीती खोटी नाही. म्हणूनच मला वाटते, जुना झेंडा आणि त्याची आज छापलेली नक्कल यांत पहिला फरक करायला हवा. जुन्या कापडाला इतिहास असतो. नव्या कापडाला फक्त हेतू असतो. गेल्या महिन्यात शिवून आलेला नाझी झेंडा खोलीत लावणाऱ्याने आपण इतिहासाचे अभ्यासक आहोत असे सांगू नये.

जुन्या झेंड्यांतही सगळे सारखे बोलके नसतात. अमेरिकन सैनिकांनी जर्मनीत एखाद्या कचेरीवरून उतरवलेल्या काही नाझी झेंड्यांवर त्या तुकडीतल्या पोरांनी आपापली नावे लिहिलेली आढळतात. नाव, गाव, राज्य. सहलीला गेलेल्या मुलांनी दगडावर लिहावीत तशी. मधले चिन्ह तेच, कापड तेच. पण त्या शाईमुळे त्याचा अर्थ उलटा झालेला असतो. आता तो हिटलरचा झेंडा राहत नाही; त्याला हरवायला निघालेल्या पोरांचा तो हजेरीपट होतो. झेंड्यात पाहण्यासारखे काय असते, हे मला या सह्यांमुळे प्रथम उमगले. चिन्ह सगळ्यांना दिसते. वाचायची असतात ती नावे.

नावांचा खरा झेंडा मात्र जपानचा. त्याला योसेगाकी हिनोमारू म्हणतात. हिनोमारू म्हणजे पांढऱ्यावर तांबडा सूर्य असलेला त्यांचा ध्वज आणि योसेगाकी म्हणजे अनेकांनी मिळून केलेले लेखन. मुलगा लढाईला निघाला की रेशमी किंवा सुती कापडाचा छोटा ध्वज आणायचा आणि घरचे, शेजारी, शाळासोबती, कारखान्यातले सहकारी यांनी त्यावर कुंचल्याने आपली नावे लिहायची. तांबड्या गोलातून किरण फुटावेत तशी ती उभ्या ओळींतली नावे चहूबाजूंनी फाकलेली असतात. युद्धात तुझे दैव दीर्घकाळ टिको, अशा अर्थाची चार ठसठशीत अक्षरे बहुधा एका कडेला असतात. एखाद्यावर गावच्या देवळाचा तांबडा शिक्का असतो. हा झेंडा काठीला लावून मिरवण्यापेक्षा घडी करून अंगाशी बाळगण्याचाच अधिक.

याच्याच जोडीचा एक पट्टा असे, सेन्निन्बारी नावाचा. हजार बायकांनी प्रत्येकी एक टाका घालायचा. आई किंवा बहीण कापड आणि तांबडा दोरा घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्या बायकांना टाका मागायची. वाघाच्या वर्षी जन्मलेल्या बाईला मात्र आपल्या वयाइतके टाके घालण्याची मुभा, कारण वाघ दूर गेला तरी परत येतो अशी समजूत. काही पट्ट्यांवर पाच सेनचे नाणे शिवलेले सापडते. जपानीत चार सेन या शब्दांचा उच्चार मरणाच्या सीमेसारखा होतो. पाच म्हणजे ती ओलांडून पलीकडे. आपल्याकडे आई निघताना हातावर दही घालते, त्याच जातीची ही माया आहे. त्या सैन्याने चीनमध्ये आणि आग्नेय आशियात जे अत्याचार केले ते या मायेने पुसले जात नाहीत. पण पोराला सैन्यात धाडणारी आई सगळीकडे एकाच भाषेत घाबरते.

बँकेत माझी तीस-पस्तीस वर्षे गेली, त्यातली बरीचशी सह्या पडताळण्यात. त्यामुळे खोटे झेंडे कसे ओळखतात हे वाचले तेव्हा मला जुन्या खात्यात परत गेल्यासारखे वाटले. या झेंड्यांना भाव आला तशा त्यांच्या नकलाही आल्या. जाणकार पहिल्यांदा अतिनील किरणांचा दिवा धरतात. संशयास्पद चेक आणि नोटा तपासायला आमच्याकडे असे, तसलाच. युद्धानंतरच्या कापडात आणि साबणाच्या पावडरीत पांढरेपणासाठी घातलेली रसायने त्या उजेडात निळसर चमकतात; जुने न धुतलेले कापड मिणमिणते राहते. मग शिलाईचा दोरा पाहायचा, तो पॉलिएस्टरचा निघाला तर पुढे बोलायलाच नको. मग शाई धाग्यात किती मुरली आहे ते. शेवटी अक्षर. खऱ्या झेंड्यावर बहुधा अनेक हात दिसतात. एक सराईत, एक थरथरता, एक शाळकरी. नकली झेंड्यावर शंभर नावे असतात, पण हात एकच. अर्थात कधी गावातल्या एका सुंदर अक्षरवाल्याने सगळ्यांची नावे खरोखरच लिहिलेली असतात, तेव्हा तेवढ्यावर निकाल देता येत नाही. सही पडताळणाऱ्यालाही हे ठाऊक असते. एकाच पुराव्यावर चेक परत करू नये.

पण झेंडा खरा ठरला की पुढचा प्रश्न सुरू होतो. खरा, पण कुणाचा?

रणांगणावर सापडले ते जिंकणाऱ्याचे, हा जुना समज. कायद्याने तो तेव्हाही पूर्णपणे मान्य नव्हता. १९२९च्या जिनिव्हा करारात, मृतांच्या अंगावर सापडलेल्या वैयक्तिक वस्तू गोळा करून परस्परांकडे पोचत्या कराव्यात, असे कलम होते. सायपानच्या किंवा ब्रह्मदेशच्या जंगलात त्याची आठवण कुणाला असणार? ती आठवण काहींना फार उशिरा आली, पण आली. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात रेक्स आणि केइको झिआक या दांपत्याने २००९मध्ये असे झेंडे त्यांच्या कुटुंबांकडे परत पोचवण्याचे काम सुरू केले. केइको यांचे आजोबा ब्रह्मदेशात मारले गेले होते आणि त्यांचा झेंडा २००७मध्ये अचानक घरी परतला होता, हे त्यामागचे कारण. ओबोन सोसायटी नावाच्या त्यांच्या संस्थेने पुढे शेकडो झेंडे परत केले.

त्यांपैकी एक झेंडा मार्व्हिन स्ट्रॉम्बो नावाच्या माजी अमेरिकन मरीनचा. म्हणजे त्याच्याकडचा, मूळचा सादाओ यासुए नावाच्या जपानी सैनिकाचा. १९४४मध्ये सायपान बेटावर स्ट्रॉम्बो आपल्या साथीदारांपासून चुकला, तेव्हा त्याला हा सैनिक झोपल्यासारखा पडलेला दिसला. त्याच्या अंगावरचा झेंडा त्याने काढून घेतला आणि आपण हा कधीतरी परत देऊ असे स्वतःशी ठरवले. झेंडा मॉन्टानातल्या घरी काचेच्या कपाटात राहिला. त्याच्यावर १८० नावे होती, आणि घरात त्यांतले एकही कुणाला वाचता येत नव्हते. ऑगस्ट २०१७मध्ये, वयाच्या ९३व्या वर्षी, स्ट्रॉम्बो तो घेऊन स्वतः जपानच्या गिफू प्रांतातल्या हिगाशीशिराकावा या डोंगरी गावी गेला. सादाओच्या घरी युद्धानंतर सरकारकडून एक लाकडी पेटी आली होती, तिच्यात दगडांखेरीज काही नव्हते. त्याच्या म्हाताऱ्या धाकट्या भावाने झेंडा हातात घेतला आणि त्याच्यात तोंड खुपसून वास घेतला.

एवढ्या कापडाला त्या देशात एवढी किंमत का, ते एका आकड्यावरून कळेल. परदेशी भूमीवर आणि समुद्रात मेलेल्या सुमारे २४ लाख जपान्यांपैकी ११ लाखांहून अधिक जणांचे अवशेष अद्याप घरी आलेले नाहीत. त्यांच्या घरच्यांच्या दृष्टीने असा झेंडा हीच अस्थींची लोटी.

इथे मला आमच्या धंद्यातली एक गोष्ट आठवते. बँकेत दहा वर्षे कुणी विचारपूस केली नाही अशा ठेवी असतात. खातेदार वारलेला, वारसांना पत्ता नाही. २०१४पासून असे पैसे रिझर्व्ह बँकेच्या एका खास निधीत वर्ग करतात. पण ते बँकेचे होत नाहीत आणि निधीचेही होत नाहीत. वारस पुढे आला, त्याने कागद दाखवले, की रक्कम द्यावीच लागते. मग मध्ये कितीही वर्षे गेलेली असोत. वेळ गेला म्हणून दावा मरत नाही. मात्र एक अट आहे. खातेवहीतले नाव पुसलेले नसावे. युद्धातला झेंडा जमवणाऱ्याकडे मी असाच पाहतो. त्याने पैसे मोजून तो घेतला असेल, पावतीही असेल. पण वस्तूवर दुसऱ्याचे नाव असेल तर तो मालक कमी आणि ठेव सांभाळणारा जास्त.

याच्यावर संग्राहकांचे एक उत्तर आहे आणि ते टाकाऊ नाही. ते म्हणतात, आम्ही नसतो तर हे झेंडे केव्हाच कचऱ्यात गेले असते. सगळे परत केले तर संग्रहालयात पोरांना काय दाखवणार? शिवाय घेणारा असतोच असे नाही. एखाद्या घराला ती आठवण नको असते, एखाद्या घरात कुणी उरलेलेच नसते. हे सगळे खरे. चिंतनीय आहे ते एवढेच की, ज्या झेंड्यावर नाव नाही आणि ज्याची हकिगत कुणाला माहीत नाही, तो संग्रहालयात राहिला म्हणून कुणाचे बिघडत नाही. पण नाव वाचता येत असेल तर निदान विचारावे. टेक्सासमध्ये यूएसएस लेक्सिंग्टन या जुन्या युद्धनौकेवरच्या संग्रहालयात असाच एक झेंडा वर्षानुवर्षे मांडलेला होता. सैनिकाचे कुटुंब सापडल्यावर २०२३मध्ये तो त्यांना देण्यात आला. त्याने संग्रहालय काही गरीब झाले नाही.

हे सारे जपान-अमेरिकेचे आहे, आपला काय संबंध, असे म्हणायची सोय नाही. ब्रह्मदेशच्या आघाडीवर जपान्यांशी लढलेल्या सैन्यात मोठा भरणा हिंदी सैनिकांचा होता. मार्च १९४४मध्ये मणिपुरातल्या सांगशाकच्या टेकडीवर जी निकराची लढाई झाली, तीत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन होती. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची ही माणसे. त्यांच्यापैकी कुणाच्या ट्रंकेत, बिल्ले आणि पेन्शनच्या कागदांखाली, तांबडा गोळा असलेले एखादे पातळ रेशमी कापड नसेलच असे कुणी सांगावे? आणि त्याच डोंगरांत पलीकडच्या बाजूने आझाद हिंद सेनेची आपलीच माणसे तिरंगा घेऊन आली होती. १४ एप्रिल १९४४ रोजी मोइरांगला त्यांनी तो फडकवला. २०१९मध्ये इंफाळजवळ त्या लढाईचे शांतता संग्रहालय उघडले. असली वस्तू कुणाकडे असेल आणि तिचा वारस सापडत नसेल, तर तिला दाखवायला आता आपल्याच देशात जागा आहे.

त्याहून जवळचे म्हणजे आपले १९४२चे झेंडे. तेही युद्धकाळातलेच आणि राजकीयच. मध्ये चरखा असलेला केशरी-पांढरा-हिरवा ध्वज काँग्रेसने १९३१मध्ये स्वीकारला आणि २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने चरख्याच्या जागी चक्र घेतले. म्हणजे चरख्याचा असा तिरंगा सापडला तर बहुतेक वेळा तो या सोळा वर्षांतला. तो बाळगणे त्या काळी सोपे नव्हते. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला हाती झेंडा घेतलेल्या शिरीषकुमार या शाळकरी मुलाला पोलिसांच्या गोळ्या लागल्या. त्या वर्षी महाराष्ट्राच्या गावागावांत असे झेंडे शिवले गेले, लपवले गेले. त्यांतले आज किती उरलेत, ते विचारा. बोहारणीच्या गाठोड्यात कपड्यांबरोबर किती गेले असतील, कोण मोजणार?

माझ्या परिचयातल्या एका कुटुंबात काही वर्षांपूर्वी जुना वाडा रिकामा करताना असा झेंडा निघाला. कसरीने खाल्लेला, घडीवर चिरलेला. घरचा कर्ता मुलगा सज्जन आणि कायदा पाळणारा. फाटलेला ध्वज एकांतात, शक्यतो जाळून, सन्मानाने नष्ट करावा असे ध्वजसंहितेत आहे, म्हणून त्याने काडेपेटीसुद्धा आणली होती. त्याला थांबवले ते त्याच्या ८८ वर्षांच्या आत्याने. तिने पांढऱ्या पट्टीच्या कोपऱ्यात बिब्ब्याने घातलेली परटाची खूण बोटाने दाखवली आणि म्हणाली, "हे अण्णांचं धोतर. मीच फाडून दिलं होतं." केशरी पट्टी शेजारच्या घरातली. चरखा काढणारा मुलगा तेरा वर्षांचा, म्हणून चाक एका बाजूला कललेले. प्रभातफेरीत पुढे कोण होते, पोलीस आल्यावर झेंडा धान्याच्या कणगीत कुणी खुपसला, हे तिने एका दुपारी सांगितले आणि तिच्या नातीने वहीत उतरवून घेतले. वहीचे ते चार पान आता झेंड्याबरोबर ठेवले आहेत. आत्याबाई पुढच्या वर्षी गेल्या. ती दुपार हुकली असती तर त्या घरात राहिली असती फक्त एक भोके पडलेली खादी.

ध्वजसंहितेचा तो नियम आजच्या राष्ट्रध्वजासाठी योग्यच आहे. पण चरख्याचा झेंडा ही इतिहासाची वस्तू आहे, तिला तो नियम लावून जाळून टाकणे म्हणजे आदराच्या भरात दस्तऐवज नष्ट करणे. गंमत अशी की कायदाही तिला अजून सांभाळत नाही. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे असल्या वस्तूला पुरावस्तू म्हणवून घ्यायला साधारण शंभर वर्षांचे वय लागते. १९४२च्या झेंड्याला ते अजून झालेले नाही. तोवर त्याचे रक्षण घरच्यांनीच करायचे आहे.

आणि ते अवघड नाही. धुऊ नये, इस्त्री करू नये. भिंतीवर उन्हासमोर लावू नये. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये, कापड घाम धरते. टाचण्या आणि पिना काढाव्यात, त्यांचा गंज खादी खातो. डांबराच्या गोळ्या कापडाला लागू देऊ नयेत. घडी घालण्यापेक्षा धुवट मलमलीत घेऊन जाड पुठ्ठ्याच्या नळीवर सैल गुंडाळावा. पण या सगळ्यांहून महत्त्वाचा एक कागद आहे. झेंडा कुणाचा, कुठून आला, केव्हा, कुणी शिवला किंवा कुणाकडून घेतला, हे आपल्याला कुणी सांगितले आणि कोणत्या तारखेला. खाली लिहिणाऱ्याचे नाव. जे माहीत नाही तिथे "माहीत नाही" असेच लिहावे. अंदाज लिहायचा तर अंदाज म्हणून लिहावा. पुढे कुणी तो झेंडा विको, दान देवो किंवा परत करो, हा कागद त्याच्याबरोबर गेला पाहिजे.

येत्या दिवाळीच्या साफसफाईत माळे उघडतील, ट्रंका खाली येतील. एखादे जुने रंगीत कापड हाती आले तर ते टाकण्यापूर्वी किंवा त्याचा भाव विचारण्यापूर्वी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला दाखवा. त्यांच्याजवळ बसा आणि ते सांगतील ते लिहून घ्या. झेंड्याला वारस आज ना उद्या सापडतो. त्या नावाचा साक्षीदार मात्र फार दिवस थांबत नाही.